हातात किती, परत किती

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी एका फायनान्स कंपनीकडून एक लाखाचं कर्ज काढलं. कर्ज घेण्याआधी त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, मी हिशोब केला होता ना." हिशोब असा होता: बँक सोन्यावर दहा टक्क्यांनी पैसे देते. कंपनीचा माणूस म्हणाला, महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा. फरक दोन टक्क्यांचा, लाखाला वर्षाचे दोन हजार. तेवढ्यासाठी हातातल्या बांगड्या काढून बँकेच्या तिजोरीत कशाला ठेवायच्या?

या हिशोबात मला एकही चूक सापडत नाही. फक्त त्यांना दिलेला बाराचा आकडा खोटा होता.

लाखावर 12 टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज 36,000. मुद्दल आणि व्याज मिळून 1,36,000, त्याचे 36 हप्ते, म्हणून महिना 3,778. शाळेत द.सा.द.शे.ची उदाहरणं सोडवलेल्या कोणालाही हे बरोबरच वाटेल. पण शाळेतल्या उदाहरणात मुद्दल मुदतीच्या शेवटी एकदम परत करायचं असतं. इथे ते पहिल्या महिन्यापासून फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या लाखावर लावलेलं असतं. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर व्याज मोजलं, तर याच हप्त्याचा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रोसेसिंग फीचे 2,000 आणि विम्याचे 3,000 कंपनीनं आधीच कापून घेतले होते. मावशींच्या खात्यात आले 95,000. तेही धरलं की दर 25 टक्क्यांवर जातो. मावशींनी दहाशी तुलना केली बाराची. करायला हवी होती पंचवीसची.

आणि कंपनीकडचे कागद दिसायला अगदी चोख आहेत. रिझर्व्ह बँकेनं 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढून सगळ्या किरकोळ (रिटेल) कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारं पत्रक, बंधनकारक केलं. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या अशा प्रत्येक नव्या कर्जाला ते लागू आहे. त्यात सगळे खर्च धरून निघणारा वार्षिक दर लिहावा लागतो. विम्यासारखी तिसऱ्याच्या नावानं घेतलेली रक्कमसुद्धा त्या दरात धरावी लागते. या पत्रकात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, आणि ते त्याला समजावून सांगायला हवं. नियम चांगला आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं.

मावशींचं पत्रक आम्ही दोघींनी त्यांच्या फोनवर शोधलं. एसएमएसमधल्या लिंकमागे एक पीडीएफ होती, पूर्ण इंग्रजीत. त्यात तो पंचविसाचा आकडा होता. शेवटी एक ओळ होती: वरील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला असून तो मला समजला आहे. ही ओळसुद्धा इंग्रजीत. त्याखाली सहीच्या जागी ओटीपीची नोंद. ओटीपी मावशींनीच दिला होता, कंपनीच्या माणसानं "आलेला नंबर सांगा" म्हटल्यावर. अर्ज करण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत सगळं एका दुपारी उरकलं.

कागदोपत्री मावशींना सर्व काही सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

मी स्वतः 22 वर्षं एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्यामुळे पलीकडची बाजू मला चांगली ठाऊक आहे. कर्जदार यायच्या आधी आम्ही कागदांवर जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवायचो. समोरचा माणूस फुल्या शोधत पानं उलटायचा. कोणी वाचायला थांबलाच तर मागच्या रांगेची चुळबुळ सुरू व्हायची आणि आम्हीच म्हणायचो, "सगळ्यांचं सारखंच असतं हो, करा सही." त्यात फसवण्याचा हेतू नव्हता. पण त्या वाक्यानं आम्ही किती जणांना वाचण्यापासून परतवलं, याचा आज विचार केला की वाईट वाटतं. तपासणीला येणारे अधिकारी फाइल उघडून सह्या मोजायचे. कर्जदाराला फोन करून "बाबा रे, तुला काय समजलं?" असं त्या 22 वर्षांत एकाही तपासनिसानं विचारलं नाही.

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. माहिती दिली की नाही, हे आपण कागदाकडे बघून ठरवतो. ते माणसाकडे बघून ठरायला हवं.

महाराष्ट्राला तर हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. बहुतेक ठिकाणी त्यांना हवे होते ते सावकाराकडचे कागद. कर्जरोखे आणि वह्या हिसकावून त्यांनी भर चौकात जाळल्या. त्यांनाच हात का घातला? कारण नांगराची निशाणी करून दिलेल्या त्या रोख्यांत नेमकं काय लिहिलंय, हे निशाणी करणाऱ्याला ठाऊक नसायचं, आणि कोर्टात मात्र तोच कागद अखेरचा शब्द ठरायचा. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्यातल्या तीन तरतुदी आजही थक्क करतात. शेतकऱ्यानं लिहून दिलेला कर्जाचा कागद ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला आणि त्यानं साक्षांकित केलेला असला तरच कोर्टात पुरावा म्हणून चालेल. सावकारानं पावती, हिशोबाचा उतारा आणि पासबुक द्यायचं. आणि न्यायाधीशानं रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा सारा इतिहास मुळापासून तपासायचा.

म्हणजे त्या परक्या सरकारनंही मान्य केलं होतं की निशाणी केली याचा अर्थ समजलं असा होत नाही. कर्ज घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस त्यांनी बसवला. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखतं लिहून घेऊन या कायद्यालाही वळसा घातला, तो भाग वेगळा. पण प्रश्न कुठे आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं. आज निशाणीच्या जागी ओटीपी आलाय आणि मधला तिसरा माणूस कुठेच नाही.

"लोक वाचतच नाहीत, मग काय करणार?" हे मी बँकेत शेकडो वेळा ऐकलंय, म्हटलंयही. त्यालाच जोडून दुसरं वाक्य येतं, की सामान्य माणसाला हे आकडे झेपत नाहीत. हे दुसरं वाक्य तर मला मुळीच मान्य नाही. मावशी बाराजणींची लिलाव भिशी चालवतात. कोणत्या महिन्यात किती सोडून भिशी उचलली तर परवडतं, हे त्या भाजी चिरता चिरता सांगतात. त्यांना हप्ता पाठ आहे, तारीख पाठ आहे, खात्यात किती आले तेही रुपयापर्यंत पाठ आहे. गणित त्यांना येतं. फक्त त्यांचं गणित रुपयांत चालतं आणि कागद टक्क्यांत बोलतो. त्यातही टक्का हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. गावातला सावकार "दोन टक्क्यानं" म्हणतो तेव्हा महिन्याला शेकडा दोन रुपये, आणि बँक म्हणते तेव्हा वर्षाला. कंपनीच्या माणसानं बोलताना पहिला अर्थ वापरला आणि पीडीएफमध्ये दुसरा.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक कर्जाच्या पत्रकाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, रुपयांत तीन ओळी असाव्यात: हातात पडणार 95,000. परत करायचे 1,36,000. वापरायचे म्हणून जादा 41,000. दर, आकार, अटी हे सगळं त्याखाली येऊ दे. हातात पडणारी निव्वळ रक्कम आणि एकूण परतफेड हे आकडे रिझर्व्ह बँकेच्या नमुन्यात नाहीत असं नाही, पण ते वार्षिक दर कसा काढला हे दाखवणाऱ्या पुढच्या तक्त्यात आहेत. तिथपर्यंत मावशी जाणार नाहीत. मीही गेले नसते.

रुपयांत सांगितल्यानं फरक पडतो, हे अमेरिकेत तपासून पाहिलेलं आहे. तिथे पगाराच्या दिवसापर्यंत उचल देणारी दुकानं असतात आणि तिचं व्याज भयंकर असतं. संशोधकांनी रोकड ज्या पाकिटातून देतात त्या पाकिटावरच छापलं, की हे कर्ज पुढे पुढे ढकलत राहिलात तर अमुक महिन्यांत इतके डॉलर जातील. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढच्या चार महिन्यांत कर्ज घेणं साधारण 11 टक्क्यांनी कमी झालं. नुसत्या एका पाकिटावरच्या मजकुरानं इतका फरक पडला. पण उरलेल्यांनी उचल घेतलीच, हेही त्याच आकड्यात आहे, आणि तिकडे मी पुढे येणार आहे.

आधी भाषेबद्दल. मराठीत छापलं की काम झालं, असं समजणाऱ्यांना मी बँकांची मराठी पत्रकं एकदा मोठ्यानं वाचून पाहायला सांगते. 'संवितरित रकमेवर प्रयोज्य दराने', 'अधिस्थगन कालावधीत', 'ऋणकोने मुदतपूर्व परतफेड केल्यास'. यातला ऋणको कोण, हे स्वतः ऋणकोला माहीत नसतं. लोकांकडे यासाठी शब्द आहेत. मुद्दल, हप्ता, जामीन, थकबाकी, दंड, वेळेआधी कर्ज फेडणं. प्रोसेसिंग फी हा शब्दसुद्धा आता मराठीच झालाय, त्याचं प्रक्रिया शुल्क करून कोणाचं भलं झालेलं नाही. कार्यालयात बसून भाषांतर करण्याऐवजी पत्रकाचा मसुदा एखाद्या शाखेत पासबुक भरायच्या रांगेतल्या दहा जणांना वाचायला द्यावा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. हातात किती येणार? एकूण किती परत करायचे? एक हप्ता चुकला तर काय होईल? दहापैकी निदान आठ जणांची उत्तरं बरोबर आली तरच मसुदा पास; नाहीतर मसुदा नापास, लोक नव्हेत.

हा केवळ गरिबांचा किंवा कमी शिकलेल्यांचा प्रश्न आहे असं कोणी समजू नये. माझा थोरला भाऊ इंजिनिअर आहे. त्यानं ओळखीच्या माणसाकडून विम्याची पॉलिसी घेतली. दहा वर्षं दरवर्षी 50,000 भरायचे आणि वीस वर्षांनी 10 लाख मिळायचे. "पाच लाखांचे दहा, पैसे दुप्पट," असं त्याला सांगितलं गेलं आणि त्यानं ते घरी आम्हाला आनंदानं सांगितलं. मी कागदावर मांडून पाहिलं, तर परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास निघाला. विम्याचं संरक्षण त्यात आहे, ते मी नाकारत नाही. पण सगळे कागद उलटूनही साडेचार हा आकडा कुठे लिहिलेला सापडला नाही. पानंच्या पानं तक्ते होते, त्या तक्त्यांतून तो आकडा काढण्याइतकं गणित दादाला नक्की येतं, आणि तरी त्यानं काढला नाही. कारण समोर बसलेला माणूस ओळखीचा होता आणि ओळखीच्या माणसासमोर कॅल्क्युलेटर काढणं आपल्याकडे अविश्वास दाखवण्यासारखं वाटतं. पॉलिसी हातात पडल्यापासून परत करण्याची मुदत आता 30 दिवसांची आहे. दादाला ती मुदत संपल्यावर कळलं.

म्हणजे वेळसुद्धा तितकीच महत्त्वाची. सही करायच्या टेबलावर दिलेला कागद हा वाचायचा कागद नसतो. तोपर्यंत मनात फी भरून झालेली असते, गाडी दारात उभी असते. की फॅक्ट स्टेटमेंटच्या नियमात एक फार मोलाची गोष्ट आहे: सात दिवसांहून कमी मुदतीची कर्जं सोडली, तर पत्रक मिळाल्यापासून किमान तीन कामाचे दिवस त्यातल्या अटी कर्जदाता बदलू शकत नाही. म्हणजे ते तीन दिवस कर्जदाराचे. घरी जावं, कोणाला तरी दाखवावं, दुसरीकडे चौकशी करावी. मावशींना या तीन दिवसांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते तीन दिवस सक्तीचे करावेत असं मला वाटत होतं, पण दवाखान्यासाठी पैसे हवे असलेल्या माणसाला तीन दिवस थांबवणं क्रूर होईल. म्हणून सक्ती नको. पण पत्रक आणि पैसे एकाच तासात दिले गेले असतील, तर समजावून सांगितल्याचा पुरावा कर्जदात्यानं द्यावा. कर्जदाराच्या स्वतःच्या आवाजात, त्याच्या भाषेत, त्या तीन प्रश्नांची उत्तरं ध्वनिमुद्रित करावीत. वसुलीचे फोन रेकॉर्ड होत असल्याचं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं, मग कर्ज देतानाचं बोलणं रेकॉर्ड करायला अडचण काय? आणि ध्वनिमुद्रणच नसेल, तर जादा व्याजाचा भाग वसूल करता येऊ नये. 1879 च्या कायद्याचा गाभा हाच होता.

आता ज्यांनी उचल घेतलीच, त्यांच्याविषयी. स्पष्ट माहितीची बाजू घेणाऱ्यांनी हे कबूल केलं पाहिजे, की काही ठिकाणी कितीही स्पष्ट लिहिलं तरी भागत नाही. शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांचं, उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2021-22 मध्ये त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 89 टक्के तोट्यात गेल्याचं शेअर बाजाराच्या नियामकाच्या, म्हणजे सेबीच्या, अभ्यासात दिसलं. 1 जुलै 2023 पासून प्रत्येक ब्रोकरला ती गोष्ट ग्राहकासमोर मांडणं बंधनकारक झालं: दहापैकी नऊ जणांना निव्वळ तोटा होतो. याहून सोपं वाक्य लिहिता येणार नाही. टक्के नाहीत, जड शब्द नाहीत. आणि तरीही असे व्यवहार करणाऱ्यांची संख्या 2021-22 मधल्या सुमारे 51 लाखांवरून 2023-24 मध्ये सुमारे 96 लाखांवर गेली. तीन वर्षांत 93 टक्के लोक तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. 2024-25 या एकाच वर्षाचा तोटा 1,05,603 कोटी.

तो इशारा का लागला नाही? मला वाटतं, कारण तो इतरांबद्दल होता. प्रत्येक जण स्वतःला दहावा समजतो. शिवाय रोज लॉगिन करताना तीच चौकट आणि तेच 'मला समजले' बटण. आठवड्याभरात ते बटण अंगठ्याला पाठ होतं आणि डोळ्यांना दिसेनासं होतं. त्या चौकटीत 'तुम्ही गेल्या बारा महिन्यांत 1,84,000 रुपये घालवलेत' असं ज्याचं त्याला दिसलं असतं, तर काही लोक थबकले असते. पण सगळे नक्कीच नाहीत. म्हणूनच ऑक्टोबर 2024 मध्ये सेबीनं कराराची किमान रक्कम 15 लाखांवर नेली आणि दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक एक्स्चेंजवर एकाच निर्देशांकापुरते ठेवले, हे मला योग्य वाटतं. जिथे वस्तूची घडणच नुकसान करणारी आहे तिथे इशारा छापून नियामकानं हात झटकू नयेत. आणि याच्या उलटही खरं आहे. मावशींना कर्ज घेऊ देऊ नका, असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना पर्याय होता, त्या निवडायला समर्थ होत्या, त्यांना फक्त खरा आकडा हवा होता.

त्या दिवशी पीडीएफमधला पंचविसाचा आकडा मी त्यांना दाखवला तेव्हा त्या चिडल्या नाहीत. बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सोनं ठेवलेलं बरं होतं." मग आम्ही हिशोबाला बसलो. सहा हप्ते फिटलेत, सुमारे 87,400 मुद्दल बाकी आहे. कर्ज वेळेआधी बंद करायचं तर कंपनी बाकीवर 4 टक्के घेणार, हेही त्याच पीडीएफमध्ये होतं. ते भरून, तेवढं सोनेतारण कर्ज बँकेतून 10 टक्क्यांनी उरलेल्या अडीच वर्षांसाठी घेतलं, तरी दहा हजार वाचतात. मुलीच्या दोन महिन्यांच्या मेसचे पैसे.

मावशी परवा बांगड्या घेऊन बँकेत गेल्या. या वेळी त्यांनी टेबलावरच्या साहेबांना सांगितलं, फॉर्म आधी घरी न्यायचाय, वाचून उद्या सही करून आणते. साहेब म्हणाले, फॉर्म घरी न्यायची पद्धत नाही. मावशींनी बांगड्या परत पिशवीत ठेवल्या आणि त्या घरी आल्या. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.